बेटावरचा ळ

एकट्याने प्रवासास निघणे हे मराठी गृहस्थाच्या कुंडलीत सहसा लिहिलेले नसते. लग्नापूर्वी तो मित्रांबरोबर जातो, लग्नानंतर सहकुटुंब जातो आणि उतारवयात यात्राकंपनीबरोबर जातो. सरकारी कामासाठी कधी एकटा गेलाच, तर काम उरकताच पहिल्या गाडीने परततो. कारण निघतानाच परतीची तारीख आणि वेळ घरात सांगून ठेवलेली असते व त्या सुमारास भाताचे आधण चुलीवर चढलेले असते. आमच्या वयाची पंचावन्न वर्षे याच शिस्तीत गेली.

या शिस्तीला छेद बसला तो २०२५ सालच्या जुलै महिन्यात. मुख्याध्यापकांच्या दहा दिवसांच्या एका शिबिरासाठी आम्हांस इंदुराहून थेट मदुरैस धाडण्यात आले. शिबिराविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मातृभाषेतून शिक्षण किती आवश्यक आहे, यावर एका विद्वानांनी दीड तास इंग्रजीत व्याख्यान दिले, एवढे सांगितले म्हणजे जाणत्या वाचकांस पुरे. मात्र या दहा दिवसांच्या बरोबर मध्यावर शनिवार-रविवार आले, वर्ग बंद राहिले आणि दोन दिवस रिकामे हाती पडले. रामेश्वर तेथून आगगाडीने चार-एक तासांवर. आम्ही रात्री घरी फोन लावला.

"रामेश्वर जोडीने करायचे असते," सौभाग्यवतींनी एका वाक्यात निकाल दिला. आम्ही म्हणालो, रामेश्वर हे तीर्थ खरे, परंतु ते पांबन नावाच्या एका बेटावर आहे. आणि बेट पाहण्यास शास्त्राची हरकत नसावी. पलीकडे बराच वेळ शांतता होती. शेवटी तडजोड ठरली ती अशी: बेट पाहावे, समुद्र पाहावा, पाय बुडवावेत, पण संकल्प सोडू नये, बावीस कुंडांचे स्नान करू नये आणि देवास नमस्कार करावा तो पाहुण्याने करावा तसा, यात्रेकरूने करावा तसा नव्हे. या अटी आम्ही मान्य केल्या.

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. मानामदुरै, परमकुडी, रामनाथपुरम अशी स्टेशने मागे पडत गेली. डब्यात अवघे तमिळ बोलणे चालले होते आणि त्यातले एक अक्षर आम्हांस कळत नव्हते. आमच्या शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत सर्व व्यवहार हिंदीत, बाजारात हिंदी, शेजाऱ्यांशी हिंदी. त्यामुळे कानावर पडलेला प्रत्येक शब्द कळण्याची आम्हांस सवय झालेली. येथे चार तास काहीही कळले नाही आणि त्याचा शीण न वाटता उलट विश्रांतीच वाटली. एकटे असण्याचा पहिला लाभ हा, की खिडकीजवळची जागा कोणासाठी सोडावी लागत नाही, आणि दुसरा हा, की आपण गप्प आहोत म्हणून कोणी "बरे नाही का?" असे विचारीत नाही.

मंडपम् हे मुख्य भूमीवरचे शेवटचे स्टेशन. तेथून पुढे गाडी समुद्रावर चढते. दोन्ही बाजूंस पाणी आणि मध्ये फक्त रूळ, हे दृश्य भूगोलाच्या पुस्तकांत चित्ररूपाने अनेकदा दाखविले असले, तरी डब्यात बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा यायचा तो येतोच. आम्ही गेलो तो पूल नवा. त्याचे उद्घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले. जहाजांस वाट देण्यासाठी त्याचा साडेबहात्तर मीटर लांबीचा मधला भाग पाळण्यासारखा सरळ वर उचलला जातो. शेजारी १९१४ सालचा जुना पूल मुकाट उभा होता. त्याचा मधला भाग दोन पाकळ्यांचा, आणि तो उघडण्याचे काम माणसे हाताने करीत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या बंद झाल्या. त्याआधी, १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळाने याच पुलाचे बहुतेक गाळे समुद्रात नेले होते, ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याने तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. पुढे कोकण रेल्वेच्या निमित्ताने सर्व महाराष्ट्राच्या तोंडी झालेले नाव ते हेच.

बेटावर उतरल्यावर कळले, की एकट्या माणसास येथे खोली मिळणे कठीण. पहिल्या दोन लॉजांत व्यवस्थापकांनी आमच्या पाठीमागे डोकावून पाहिले आणि मागे कोणी नाही असे दिसताच खोल्या भरल्याचे सांगितले. तीर्थक्षेत्री एकटा आलेला मनुष्य जीव द्यावयास तर आला नसेल ना, अशी त्यांना शंका असते म्हणे. तिसऱ्या ठिकाणी आम्ही शाळेचे ओळखपत्र पुढे केले. त्या गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिले, "हेडमास्टर?" असे म्हणून उभे राहिले आणि खोली दिली. उभ्या आयुष्यात या पदाचा इतका रोकडा उपयोग आम्हांस प्रथमच झाला. दुपारी केळीच्या पानावर भात, सांबार आणि ताक असे जेवलो. रामेश्वरात हिंदी सर्रास चालते. काश्मीरपासून बंगालपर्यंतचे भाविक येथे येतात, त्यामुळे शंखशिंपल्यांचा प्रत्येक विक्रेता आम्हांस "आओ सेठजी" म्हणून हाक मारीत होता. गाडीतली विश्रांती येथे संपली.

तिसऱ्या प्रहरी धनुष्कोडीची बस धरली. गावापासून सुमारे वीस किलोमीटर. पूर्वी अखेरचा टप्पा वाळूतून जीपने किंवा पायी काटावा लागे. २०१७ मध्ये अगदी टोकापर्यंत डांबरी सडक झाली. जसजसे पुढे जावे तसतशी जमीन निमुळती होत जाते, सुरूची आणि ताडाची झाडेही विरळ होत जातात आणि शेवटी सडकेच्या दोन हातांवर दोन समुद्र उरतात. जुन्या ग्रंथांत त्यांची नावे महोदधी आणि रत्नाकर. तेथील कोळी मात्र एकास बाई-समुद्र आणि दुसऱ्यास बुवा-समुद्र म्हणतात. उत्तरेचा, पाल्कच्या आखातातला, तो बाई-समुद्र. दक्षिणेचा, मन्नारच्या आखातातला, तो बुवा. जुलैत नैर्ऋत्येचा वारा असल्यामुळे दक्षिणेकडे लाटा आदळून फुटत होत्या आणि पन्नास पावलांवर उत्तरेकडे पाणी ताटातल्यासारखे निवांत होते. संसाराविषयी येथे काही विनोद सुचतो, पण हे मासिक घरातील सर्वजण वाचतात, म्हणून तो आवरतो.

एके काळी मद्रासहून निघालेली बोट मेल येथपर्यंत येई. उतारू येथे आगबोटीत बसत आणि सिंहलद्वीपातील तलैमन्नारला उतरत. स्टेशन, टपालघर, शाळा, चर्च, रुग्णालय असे नांदते गाव होते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आले. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर गाडी गावाच्या तोंडाशी आली असताना लाटेने शंभरावर माणसांसह गिळली. सरकारने हे गाव वस्तीस अयोग्य ठरविले. आता प्रवाळाच्या दगडांच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. चर्चला छप्पर नाही. वेदीच्या जागी वाळू साचली आहे. जुन्या शाळेच्या म्हणून दाखवितात त्या भिंतींपाशी आम्ही जरा अधिक वेळ थांबलो. हा आमचा धंदेवाईक दोष समजावा.

पण धनुष्कोडीत आमच्या मनात राहिली ती निराळीच गोष्ट. वस्तीस अयोग्य ठरलेल्या त्या वाळूवर कोळ्यांची काही घरे आहेत, झोपड्याच म्हणा. दोन्ही बाजूंस खारे पाणी. मग ही माणसे पितात काय? आम्ही पाहिले, की एक बाई समुद्रापासून फार तर शंभर पावलांवर वाळूत खोदलेल्या खड्ड्यात बसून करवंटीने पाणी काढून कळशी भरीत आहे. आम्ही खुणेने मागितले, तिने ओंजळीत घातले. पाणी गोड होते. याची मीमांसा अवघड नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते. ते खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून खाली न मिसळता त्यावर तरंगत राहते. भिंगाच्या आकाराचा गोड पाण्याचा तो थर थोडा वरवरच असतो. अलगद उपसले तर वर्षभर पुरते. हव्यासाने खोल खणले, तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर नासते. म्हणून करवंटी. बाईने हे शास्त्र कोठे वाचलेले नव्हते, आईकडून घेतलेले होते.

रविवारी सकाळी देवळात गेलो. फोन आणि पिशवी बाहेरच्या ठेवीघरात ठेवून, पाहुण्याच्या नात्याने. बाहेरच्या प्राकारात चहूबाजूंनी खांबांच्या रांगा अशा काही लावल्या आहेत, की एका टोकास उभे राहिले असता दुसरे टोक दिव्याच्या वातीएवढे दिसते. हे काम अठराव्या शतकात रामनाडच्या सेतुपती राजांनी पुरे केले. यात्रेकरू एका कुंडावरून दुसऱ्या कुंडाकडे ओलेत्याने धावत होते, विहिरीच्या काठावर उभी असलेली माणसे बादल्या ओतीत होती आणि फरशीवर सगळीकडे पाणीच पाणी. दिलेल्या वचनानुसार आम्ही कोरडे राहून कडेकडेने चाललो होतो. नाथांची गोष्ट साहजिकच आठवली. काशीची कावड त्यांनी याच देवासाठी खांद्यावर घेतली होती आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ती रिती केली. म्हणजे मराठी मनातले सर्वांत प्रसिद्ध रामेश्वर रामेश्वरास न पोचताच घडलेले आहे. आमच्या अर्ध्यामुर्ध्या यात्रेस हा आधार पुरेसा वाटला.

इतक्यात मागून आवाज आला, "अरे, सांडू नकोस. हळू. हळू धर."

आम्ही जागच्या जागी थांबलो.

रामेश्वरच्या गाभाऱ्यात पूजेचा मान परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मणांकडे आहे आणि शृंगेरी मठाची दीक्षा घेतल्यावाचून कोणासही लिंगास स्पर्श करता येत नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी वाचलेले होते. वाचलेले होते आणि विसरलेलेही नव्हते. तथापि माहिती असणे निराळे आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलास हातातली कळशी हळू धरावयास सांगणारे वाक्य भर तमिळ गजबजाटात पाठीमागून येणे निराळे. वळून पाहिले तर चाळिशीचे एक पुजारी आणि त्यांचा मुलगा. आम्ही मराठीत नमस्कार घातला. त्यांनी आम्हांस नखशिखान्त न्याहाळले आणि विचारले, "आपण कुठले?"

"इंदूरचे."

"म्हणजे अहिल्याबाईंचे," ते म्हणाले. "गंगोदकाच्या कावडी त्या पाठवीत."

अहिल्याबाईंनी देशभरच्या देवस्थानांस गंगोदक पोचविण्याची व्यवस्था लावून दिली होती, हे आमच्या शाळेतील मुलांकडून वदवून घेण्यास आम्हांस चार तास लागले असते.

त्यांचे बोलणे जसेच्या तसे कागदावर उतरविणे आम्हांस साधणार नाही. वाक्याचा चढउतार सगळा तमिळ. क्रियापदांची काही रूपे अशी, की जी आम्ही एम.ए.च्या अभ्यासात जुन्या गद्यात पाहिली होती, कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. परंतु आमचे कान लागले होते ते एका अक्षराकडे. "हळू" मधला ळ अगदी टाळूवरून घरंगळत यावा तसा आला होता. वाचकहो, हे अक्षर आमच्या घरातून चालले आहे. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. जुन्या माळवी बोलीत तो आहे, पण शहरातल्या मुलांस माळवी कुठे येते? त्यामुळे इंदुरात वाढलेली आमची मुले शाळेला "शाला" म्हणतात आणि बाळाला "बाल". आणि पाळण्यात केस झोपले आहेत, असा काहीतरी अर्थ होऊन बसतो. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा आमच्या शाळेत मराठी विषयाच्या दोन तुकड्या होत्या. मराठीचे शेवटचे शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही, कारण विद्यार्थी नव्हते. आणि विद्यार्थी नव्हते, कारण शिक्षक नव्हते. मराठीत एम.ए. झालेला मुख्याध्यापक आज तेथे हिंदी आणि समाजशास्त्र शिकवितो.

उलट, तमिळमध्ये ळ आहे, ण आहे. शिवाय ळ आणि य यांच्यामध्ये कुठेतरी उच्चारला जाणारा तिसराही एक वर्ण आहे, जो आम्हांस दहा दिवसांत साधला नाही. तेव्हा परकी म्हणावी त्या भाषेने आमचे अक्षर सांभाळले आणि बहीण म्हणावी त्या भाषेने ते नकळत पुसले, असा हा प्रकार. पुजारीबुवांच्या मुलाची अडचण निराळी होती. तमिळमध्ये महाप्राण नसल्यामुळे तो "घर" म्हणताना "गर" म्हणे आणि वडील चालता चालता दुरुस्त करीत. तो पुन्हा "गर" म्हणे. ते पुन्हा दुरुस्त करीत. रागावत नव्हते आणि सोडतही नव्हते. तीस वर्षे शिकविण्यात गेलेल्या माणसास यापेक्षा चांगला पाठ पाहावयास मिळणे कठीण.

त्यांनी कॉफीस घरी नेले. देवळाजवळच्या गल्लीत अरुंद, लांबट घर. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. येथे येऊन किती पिढ्या झाल्या, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी बोटांची पेरे मोजण्यास आरंभ केला आणि सातव्या पेरावर हात झटकून हसले. आतून त्यांच्या मातोश्री आल्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नाही. त्या समोर बसल्या, आमच्या घरी कोण कोण आहे ते विचारून घेतले आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात मुले काय बोलतात?"

"थोरला मराठी बोलतो," आम्ही सांगितले. "धाकट्या मुलीस सगळे समजते. उत्तर हिंदीत देते."

आजीबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग अगदी साध्या चौकशीच्या सुरात त्यांनी विचारले, "मग तिच्या मुलास काय समजेल?"

या प्रश्नावर शिबिरात कोणी बोलले नव्हते. आम्हीही कॉफी प्यायलो. पितळेच्या वाटीत पितळेचा पेला, वर फेस, उत्तम होती.

जाताना ठेवीघरातून आणलेल्या पिशवीतून रुमाल काढावयास गेलो, तो आपल्या या मासिकाचा अंक वर आला. पुजारीबुवांनी तो हाती घेतला. वेदपाठामुळे नागरी लिपी त्यांस अवगत, परंतु छापील मराठी वाचण्याचा प्रसंग आयुष्यात कधी आला नव्हता. उघडले ते पान निघाले पाककृतीचे: मोरावळा. ते मंत्र म्हणावा तसे एकेक अक्षर सुटे करून मोठ्याने वाचू लागले. "आ-व-ळे धु-ऊन..." मुलगा खांद्यावरून वाकून बघत होता. दुसऱ्या ओळीपासून अक्षरे जुळू लागली, तिसऱ्या ओळीस वाक्य झाले. स्वयंपाकघरातून त्यांच्या सौभाग्यवती हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. आजीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. सगळी कृती वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "साखर फार घातली आहे." नंतर जरा वेळाने, "आपले बोलणे असे छापतात?"

अंक तेथेच राहिला, हे सांगावयास नकोच. मुलगा तो घेऊन एका कोपऱ्यात बसला होता आणि चित्रांखालच्या ओळी वडिलांसारख्याच चालीवर म्हणत होता. त्याला घ वाचता येत होता. म्हणता येत नव्हता.

दुपारी अब्दुल कलाम यांचे स्मारक पाहिले. गावाबाहेर पेइकरुंबू येथे त्यांची समाधी आहे. त्यांचा जन्म या बेटावरचा, १९३१ चा. युद्धकाळात रामेश्वरास गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा चालत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलण्याचे काम हा शाळकरी मुलगा करी. त्यांच्या शिवसुब्रह्मण्य अय्यर या गुरुजींनी पक्षी कसा उडतो हे वर्गात मुलांस कळले नाही, म्हणून सगळा वर्ग समुद्रावर नेऊन उडते पक्षीच दाखविले होते. क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृतींभोवती पुष्कळ गर्दी होती. आम्ही त्या गुरुजींचाच विचार करीत बाहेर पडलो आणि संध्याकाळची गाडी पकडली.

मदुरैस पोचताच घरी फोन केला. अटी पाळल्याचे प्रथम सांगितले, मग बाकीचे. सौभाग्यवतींनी मध्ये एकदाही टोकले नाही, ही असाधारण गोष्ट. शेवटी म्हणाल्या, "माघात जाऊ. जोडीने. आणि मोरावळ्यात त्या साखर किती घालतात ते विचारून ठेवा." धाकटी बाजूला बसून ऐकत असावी, कारण मागून तिचा आवाज आला, "बाबा, ती आजी अजून काय म्हणाली?" प्रश्न मराठीत होता. तो फोनच्या घाईत मराठीत आला की कसा, हे आम्ही विचारले नाही.

संपादक महाशयांस एक विनंती. या लेखासोबत एका वर्षाची वर्गणी पाठवीत आहोत. अंक दरमहा रामेश्वरास जावा. पत्ता पुजारीबुवांनी स्वहस्ते लिहून दिला आहे, तो घाईत तमिळ लिपीत लिहिला गेला आणि आम्हांस त्यातले फक्त पिनकोडाचे आकडे वाचता येतात. चिठ्ठी जोडली आहे. तिच्या बारा प्रती काढून पाकिटांवर तशाच चिकटवाव्यात, टपालवाले पोचवितील.